अटलांटिकच्या काठचा द्राक्षमांडव

द्राक्षवेलीविषयी लिहिणाऱ्या जुन्या-नव्या ग्रंथकारांचे एका गोष्टीवर एकमत आढळते, ती ही की, या वेलीला कोरडी हवा, निचऱ्याची जमीन आणि निरभ्र आकाश मानवते, आणि पाऊस, दमटपणा व धुके हे तिचे जन्मजात वैरी होत. भूमध्य समुद्राभोवतीच्या ज्या मुलखांत तिची लागवड प्राचीन काळापासून होत आली, तेथील कोरडा उन्हाळा ध्यानात घेतला म्हणजे हे मत निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियाच्या अटलांटिक किनाऱ्यावर, जेथे वर्षाकाठी सुमारे १६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जेथे भर उन्हाळ्यातही सकाळचे मळभ टेकड्यांवर रेंगाळत राहते, तेथे अल्बारिन्यो या जातीच्या द्राक्षांपासून जी पांढरी वाइन होते तिची गणना आज युरोपातील उत्तम पांढऱ्या वाइनींमध्ये केली जाते. ग्रंथांतील नियम आणि प्रत्यक्षातील हा अपवाद यांची संगती कशी लावावयाची, हा या प्रकरणाचा विषय आहे. आणि तो निवडण्याचे कारण असे की, थंड सागरी हवामानात वेल कशी वाढते हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

प्रथम या भूमीची ठेवण पाहू. हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी वाढली, नद्यांच्या मुखांकडील खोरी पाण्याखाली गेली आणि समुद्राचे लांबट फाटे जमिनीत कित्येक मैल आत शिरले. त्यांना तेथे रिया म्हणतात. आपल्याकडील जयगडची किंवा दाभोळची खाडी ज्याने पाहिली आहे त्याला या देखाव्याचे फारसे नवल वाटणार नाही. मुरोस-नोइया, अरोसा, पोन्तेव्हेद्रा आणि व्हिगो या चार मोठ्या रियांमुळे या पट्ट्याला रियास बाइशास हे नाव मिळाले, आणि तेच नाव पुढे तेथील वाइनलाही मिळाले. अरोसाच्या काठी कांबादोस नावाचे गाव आहे आणि त्याच्या भोवतालचे सालनेसचे खोरे हा या मुलखाचा सर्वांत थंड व ओला भाग होय. वार्षिक सरासरी तपमान तेथे सुमारे १३ अंश सेल्सियस असते. दक्षिणेस मिन्यो नदीच्या काठी, पोर्तुगालच्या सरहद्दीवर, ओ रोसाल व कोंदादो दो तेआ हे विभाग येतात. समुद्रापासून जसजसे आत जावे तसतसा उन्हाळा अधिक उष्ण होत जातो आणि त्याच द्राक्षाची वाइन अधिक भरदार होते.

कांबादोसचे अक्षांश साडेबेचाळीस उत्तर, म्हणजे जवळजवळ रोम नगरीइतकेच. मग रोमचा उन्हाळा जेथे अंग भाजून काढतो तेथे हा किनारा एवढा शीतल का, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो, आणि त्याचे उत्तर समुद्राच्या पोटात आहे. वसंतापासून शरदापर्यंत या किनाऱ्यालगत बहुतांशी उत्तरेकडून वारे वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेले पृष्ठजल वाऱ्याच्या दिशेपासून उजवीकडे वळते, म्हणजे येथे ते पश्चिमेस, खोल समुद्राकडे सरकते. आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी तळाकडील थंड पाणी वर येते. हे पाणी क्षारांनी समृद्ध असल्यामुळे त्यात सूक्ष्म जीवांची विपुल वाढ होते, आणि म्हणूनच गॅलिसियाच्या रियांमध्ये तीन हजारांहून अधिक तराफे नांगरलेले असून त्यांना लोंबणाऱ्या दोरांवर, ज्यांना आपल्या मालवण-गोव्याकडे शिनाणे म्हणतात, त्या शिंपल्यांची शेती चालते. म्हणजे तेथील मासळीबाजाराची समृद्धी आणि तेथील द्राक्षातील आंबटपणा ही दोन्ही एकाच थंड पाण्याची देणगी होय. ज्या द्राक्षाची वाइन तेथील लोक शिंपल्यांबरोबर एवढ्या आवडीने घेतात, ते द्राक्ष आणि ते शिंपले यांचे पोषण असे एकाच ठिकाणाहून व्हावे, ही वस्तुस्थिती मला अतिशय मनोहर वाटते.

हीच घडण पॅसिफिकच्या काठी कॅलिफोर्नियातही आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रसिद्ध धुके तेथील वर आलेल्या थंड पाण्यानेच जन्मास येते, आणि त्या नगराच्या उत्तरेस सोनोमाच्या किनाऱ्यावर पिनो न्वार व शार्दने या थंडी मानवणाऱ्या जातींच्या बागा त्याच धुक्याच्या आश्रयाने उभ्या आहेत. किंबहुना फोर्ट रॉस-सीव्ह्यू या ज्या टापूला २०१२ साली स्वतंत्र द्राक्षक्षेत्र म्हणून सरकारी मान्यता मिळाली, तेथील बागा बहुधा धुक्याच्या थराच्याही वर, डोंगरमाथ्यांवर आहेत, म्हणजे ऊन मिळते आणि समुद्राचा गारवाही सुटत नाही. मात्र कॅलिफोर्नियाचा उन्हाळा जवळजवळ निर्जळ असतो. गॅलिसियाला ती सवलत नाही. तिला गारव्याबरोबर पाणीही सोसावे लागते, आणि म्हणून तिचा अभ्यास अधिक उद्बोधक ठरतो.

गारव्याने द्राक्षाचे नेमके काय होते? वेलीची वाढ सुमारे १० अंश सेल्सियसच्या खाली थांबते, हे गृहीत धरून मेनार्ड अमेरीन व अल्बर्ट विंक्लर या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९४४ साली एक पद्धत मांडली; तीत एप्रिलपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत प्रत्येक दिवसाचे सरासरी तपमान या मर्यादेच्या जितके वर असेल तितक्या अंशांची बेरीज करून प्रदेशांचे पाच वर्ग पाडले आहेत. फॅरनहाइटच्या मापाने ही बेरीज २५०० पर्यंत असेल तर तो प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत थंड वर्गात येतो. हे गणित उपयुक्त आहे, पण ते सर्व काही सांगत नाही. मण्यात पाणी उतरू लागले की त्यात एकीकडे साखर भरत जाते आणि दुसरीकडे आम्ल घटत जाते. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात, टार्टारिक व मॅलिक. त्यांपैकी मॅलिक आम्ल मणी आपल्या श्वसनासाठी जाळतो आणि हवा जितकी उष्ण तितके हे ज्वलन जलद होते. उष्ण मुलखात म्हणूनच साखर पुरेशी होईपर्यंत आम्ल पुष्कळसे नाहीसे झालेले असते आणि वाइन गोडसर, जड, निस्तेज होते. याच्या उलट, ज्या किनाऱ्यावर रात्र गार आणि दिवस बेताचा उबदार असतो तेथे पक्वता सावकाश येते, आम्ल टिकून राहते, आणि सालीत साठणाऱ्या सुगंधी द्रव्यांना विकसित होण्यास अवकाश मिळतो. अल्बारिन्योच्या वाइनीत पीच, लिंबाची साल व फुले यांचा जो दरवळ जाणकार वर्णितात त्याचे मूळ या संथपणात आहे. अर्थात संथपणालाही मर्यादा आहे. गारवा आणखी वाढला तर मणी हिरवाच राहतो आणि शरदाचा पाऊस त्याला गाठतो. उत्तम सागरी वाइन ही नेहमी या मर्यादेच्या काठावरच जन्म घेते. म्हणूनच तेथील शेतकऱ्याला सप्टेंबरात आकाशाकडे पाहण्यावाचून दुसरे काम सुचत नाही.

आता पावसाचा विचार. १६०० मिलिमीटर हा आकडा ऐकून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते येथे लागू पडत नाही. कोकणात पाऊस पडतो तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत, हवा उबदार असताना, प्रत्येक वनस्पती जोमाने वाढत असताना. गॅलिसियाचा पाऊस बव्हंशी शरद, हिवाळा व वसंत या ऋतूंत पडतो, म्हणजे त्याचा मोठा भाग वेल पानगळ होऊन विश्रांती घेत असते तेव्हाच पडून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तो पुष्कळ ओसरतो. शिवाय तेथील जमीन ग्रॅनाइट खडक झिजून झालेली, वाळूसारखी सैल व आम्लधर्मी आहे, तिच्यातून पाणी झपाट्याने झिरपून जाते आणि मुळे कुजत नाहीत. वर्षभरात पाऊस किती पडतो यापेक्षा तो कोणत्या महिन्यात पडतो आणि पडल्यावर किती काळ थांबतो, या गोष्टींवर वेलीचे भवितव्य अवलंबून असते. एवढी गोष्ट या प्रकरणातून वाचकाच्या मनात राहिली तरी मला पुरेसे आहे.

तथापि उरलेला दमटपणाही कमी नाही, आणि त्याचे खरे संकट बुरशीच्या रूपाने येते. आपल्या द्राक्षबागायतदारांना भुरी व केवडा ही नावे सांगण्याची गरज नाही. पण हे दोन्ही रोग युरोपात मूळचे नव्हेत, ते अमेरिकेतून आले, हे सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. भुरी १८४५ साली इंग्लंडात मार्गेट येथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याच्या दृष्टीस पडली आणि १८५०च्या दशकात तिने गॅलिसियातील बागा उद्ध्वस्त करून कित्येक कुटुंबांना दक्षिण अमेरिकेची वाट धरावयास लावले. केवडा १८७८ साली फ्रान्समध्ये प्रकट झाला. त्यावरील उपायाची कथा प्रसिद्ध आहे: बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सी मिलार्दे यांना मेदोक भागात असे दिसले की, वाटसरूंनी द्राक्षे चोरून खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर शेतकऱ्यांनी मोरचूद व चुना यांचे निळसर पाणी शिंपडले होते, त्या वेलींची पाने तेवढी शाबूत राहिली होती, त्यावरून प्रयोग करून त्यांनी १८८५ साली बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवले. नाशिकच्या बागेत फवारले जाणारे ते मिश्रण ते हेच.

भुरी आणि केवडा यांच्या स्वभावात एक महत्त्वाचा भेद आहे. केवड्याच्या बीजाणूला रुजण्यासाठी पानावर पाणी साचलेले लागते. भुरीला तेवढेही लागत नाही, मंद प्रकाश, बेताची ऊब आणि दमट हवा एवढ्यावर तिचा संसार चालतो. घड कुजविणारी करडी बुरशी ही तिसरी. ती दाट, एकमेकांना चिकटलेल्या मण्यांत पावसानंतर शिरते. या तिन्हींवर फवारणी हा उपाय आहे, परंतु फवारणीच्याही आधीचा, शतकानुशतकांच्या अनुभवातून सापडलेला उपाय म्हणजे वेलीभोवती हवा खेळती ठेवणे. आणि येथे आपण त्या मुलखाच्या सर्वांत विलक्षण गोष्टीकडे येतो.

ती गोष्ट म्हणजे मांडव. युरोपातील बहुतेक नामवंत द्राक्षप्रदेशांत वेल कमरेइतकी बुटकी ठेवतात किंवा तारांवर भिंतीसारखी उभी चढवितात. गॅलिसियाच्या किनाऱ्यावर मात्र ग्रॅनाइटचे घडीव खांब रोवून, त्यांवर तारा ताणून, माणसाच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीवर वेल आडवी पसरविण्याची वहिवाट आहे. खांब दगडाचे कारण तेथील लाकूड ओल्या हवेत लवकर कुजते आणि दगड मात्र पायाखालीच विपुल आहे. या खांबांवर शेवाळ व दगडफूल चढलेले असते आणि कित्येक खांब तर वेलींहूनही जुने आहेत. छताला लोंबणारे घड जमिनीतील ओलीपासून दूर राहतात, खालून समुद्रावरचा वारा मोकळा वाहतो, पाऊस थांबल्यावर पाने व मणी लवकर सुकतात. पूर्वी या छताखाली शेतकरी बटाटे, कोबी व जनावरांचा चारा पिकवीत असत, कारण जमीन थोडी आणि खाणारी तोंडे पुष्कळ.

नाशिक-सांगलीकडचा खाण्याच्या द्राक्षांचा मांडव ज्याने पाहिला आहे त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल, आणि तरी दोन्ही मांडवांची प्रयोजने परस्परविरुद्ध आहेत. आपल्याकडे वीस अंश अक्षांशावर सूर्य प्रखर असतो. तेथे पानांचे छत घडांना उन्हाच्या चटक्यापासून वाचविते, आणि वेलीच्या अनिवार जोमाला पसरावयास जागा देते. गॅलिसियात ऊन हवे आहे आणि सावली नको आहे. मांडव तेथे वाऱ्यासाठी आहे. साहजिकच त्या मांडवाखालच्या सावलीचा दोष दूर करण्याकरिता तेथील शेतकऱ्याला घडांभोवतीची पाने काढणे, वांझ फुटी खुडणे, शेंडे मारणे ही कामे उन्हाळाभर करावी लागतात. अलीकडे काहींनी यंत्रांच्या सोयीसाठी उभ्या तारांची पद्धत स्वीकारली आहे, कारण हात वर करून दिवसभर काम करणे हे मजुरीच्या दृष्टीने महाग आणि खांद्यांच्या दृष्टीने कष्टाचे असते. तरीही जुन्या मांडवांनी त्या मुलखात आपली जागा सोडलेली नाही, आणि मला वाटते, हवामान जोवर असेच आहे तोवर ती सोडणारही नाहीत.

वर्षाचा क्रमही आपल्याहून भिन्न आहे. महाराष्ट्रात वेलीला खरी हिवाळी झोप लागतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या करून आपण तिच्याकडून कोरड्या हंगामात फळ घेतो. म्हणजे पावसाला चुकविण्यासाठी आपण वेलीचे पंचांगच बदलून टाकले आहे, आणि ही युक्ती कोणत्याही युरोपीय युक्तीहून कमी कौतुकास्पद नाही. गॅलिसियात वेल स्वभावतः हिवाळ्यात झोपते, एकच छाटणी होते, मार्च-एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात. समुद्र जवळ असल्यामुळे कडक दहिवराचे भय फारसे नसते. जे काही असते ते आतल्या खोऱ्यांत. जूनच्या आसपास फुलोरा येतो, आणि तेव्हा गार पाऊस लागला तर परागण नीट न होता फुलांची गळ होते व त्या वर्षीचे उत्पन्न तेथेच निम्म्यावर येऊ शकते. सप्टेंबरात तोडणी. ती हातानेच, आणि घड दबून रस गळू नये म्हणून अठरा-वीस किलोंच्या लहान क्रेटांत. रस थंड ठेवून पोलादी टाक्यांत आंबविला जातो. आंबटपणा तीव्र असेल तेव्हा काही उत्पादक जिवाणूंच्या साहाय्याने मॅलिक आम्लाचा काही भाग सौम्य लॅक्टिक आम्लात बदलू देतात, आणि हे किती प्रमाणात करावे हा तेथे दरवर्षीच्या चर्चेचा विषय असतो.

या साऱ्या व्यवस्थेला साजेशी जात मिळाली नसती तर श्रम व्यर्थ गेले असते. अल्बारिन्योचा मणी लहान, साल जाड. ही जाड साल बुरशीला काही अंशी अडविते, आणि सुगंधही तीतच असतो. मध्ययुगात क्लूनीच्या मठातील संन्याशांनी ही वेल ऱ्हाइन नदीकाठाहून आणली व ती रीसलिंगचीच बहीण आहे, अशी आख्यायिका सान्तियागोच्या यात्रामार्गावर प्रचलित आहे. पण वेलींच्या आनुवंशिक परीक्षेत तिला आधार मिळत नाही. ही जात आयबेरियाच्या वायव्य भागातलीच आहे, आणि मिन्यो नदीच्या पलीकडे पोर्तुगालातील मोन्साऊं व मेल्गासू येथे ती आल्व्हारिन्यो या नावाने नांदते. जातीची ओळख पटविणे किती अवघड असते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले: स्पेनहून गेलेल्या कलमांपासून तेथे अल्बारिन्यो म्हणून ज्या बागा लावल्या गेल्या, त्या वस्तुतः साव्हान्यँ या फ्रेंच जातीच्या असल्याचे २००९ साली सिद्ध झाले, आणि बाटल्यांवरील नावे बदलण्याची वेळ उत्पादकांवर आली.

आणि तरी या वेलीचा इतिहास सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुळांवरील फायलोक्झेरा किडीने युरोपभर जो अनर्थ केला त्यातून गॅलिसियाही सुटली नाही. त्यानंतर रोगाला दाद न देणाऱ्या पण वाइनीच्या दृष्टीने सुमार असलेल्या संकरित जातींनी पुष्कळ जमीन व्यापली. वारसाहक्काने होत गेलेल्या खातेफोडीमुळे एकेका कुटुंबाच्या वाट्यास जमिनीचे तुकडेच उरले, आणि आजही तेथील सुमारे चार हजार हेक्टर द्राक्षक्षेत्र पाच हजारांहून अधिक खातेदारांत वाटलेले असून तुकड्यांची संख्या वीस हजारांवर जाते. पुरुष मासेमारीला किंवा परदेशी गेल्यावर हे तुकडे सांभाळले ते प्रामुख्याने स्त्रियांनी. आज तेथील वाइननिर्मितीत स्त्रिया मोठ्या संख्येने प्रमुख पदांवर आहेत, आणि हे यश त्यांनी पिढ्यान् पिढ्यांच्या कष्टाने मिळविलेले आहे. १९५३ साली कांबादोस येथे कोणाची वाइन सरस याचा निवाडा करण्यासाठी दोन उत्पादकांनी मित्रांना जमविले, आणि त्यातून दर ऑगस्टमध्ये भरणारा अल्बारिन्योचा उत्सव सुरू झाला. १९८० साली सरकारने या जातीच्या नावाने संरक्षण दिले. परंतु स्पेन युरोपीय समुदायात १९८६ मध्ये दाखल झाल्यावर केवळ जातीच्या नावाने असे संरक्षण तेथील कायद्यात बसेना, म्हणून १९८८ साली प्रदेशाच्या नावाने, म्हणजे रियास बाइशास म्हणून, नवी नोंद झाली. याच सुमारास, १९८६ मध्ये, कांबादोसच्या लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन मार्तिन कोदाश ही वाइनशाळा काढली. तिला नाव दिले ते व्हिगोच्या समुद्राला उद्देशून गीते रचणाऱ्या तेराव्या शतकातील कवीचे. जमिनीचे तुकडे जोडता आले नाहीत, पण पीक एकत्र करता आले. आणि माझ्या मते या प्रदेशाच्या उत्कर्षास उत्तम हवामानाइतकेच हे एकत्र येणेही कारण झाले आहे.

इतके वाचल्यावर एखाद्या उत्साही वाचकाच्या मनात येईल की, खाड्या आपल्याकडेही आहेत, समुद्र आहे, पाऊस आहे, मग अल्बारिन्यो कोकणात का लावू नये? या विचाराला मी स्पष्ट नकार देईन. कोकणात वेलीला झोपविणारा हिवाळा नाही, समुद्र उबदार आहे, आणि पाऊस वाढीच्या ऐन दिवसांत पडतो. तेथे आंबा, काजू व कोकम यांनीच आपली योग्यता सिद्ध केलेली आहे. गॅलिसियापासून शिकण्यासारखे आहे ते घाटावरच्या बागायतदाराला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलोऱ्याच्या वेळी अवकाळी पाऊस आला की केवड्याने आणि घडकुजीने त्याची रात्रीची झोप उडते, आणि फवारण्यांचा खर्च त्याचा नफा खाऊन टाकतो. अशा दमट दिवसांत मांडवाखालची गर्दी किती विरळ ठेवावी, घडांभोवतीची पाने केव्हा काढावी, बागेच्या ओळी वाऱ्याच्या दिशेशी कशा जुळवाव्या, याचा शतकांचा अनुभव अटलांटिकच्या काठी साठलेला आहे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आणि महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या संघाने आपली माणसे एका उन्हाळ्यासाठी तेथे धाडावी, त्यांना त्या मांडवांखाली तेथील शेतकऱ्यांबरोबर काम करू द्यावे, आणि जे हाती लागेल ते मराठीत छापून प्रत्येक द्राक्षतालुक्यात पोचवावे, अशी माझी विनंती आहे.